स्वामित्वाचा संयम : घरभाड्याच्या व्यवहाराचा धर्मविचार

ज्या गोष्टीवाचून माणसाचे जगणेच अडते, तिचे मोल घेणे धर्म्य आहे की नाही, हा प्रश्न भारतीय परंपरेने अन्नाच्या आणि विद्येच्या संदर्भात वारंवार उपस्थित केला असून सिद्धान्नाची विक्री आणि विद्येची विक्री यांविषयीची नापसंती धर्मशास्त्रात ठिकठिकाणी व्यक्त झाली आहे. निवाऱ्याच्या संदर्भात मात्र तो इतक्या थेटपणे विचारला गेलेला दिसत नाही. वाटसरूला ओसरी देणे आणि धर्मशाळा बांधणे यांची गणना पुण्यकर्मांत होते, तर दुसरीकडे घर भाड्याने देणे हा रूढ व्यवहार म्हणून गृहीत धरला जातो आणि त्याचे नियम सांगितले जातात. एकच छप्पर एका प्रसंगी दान ठरते आणि दुसऱ्या प्रसंगी मिळकतीचे साधन ठरते, यात काही विसंगती आहे का आणि नसल्यास भाडे घेण्याचा अधिकार नेमका कशातून उत्पन्न होतो, याचा शोध घेणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे. येथे मांडलेली भूमिका अशी की केवळ मालकी असणे हे भाड्याचे पुरेसे समर्थन होत नाही. भाड्याला नैतिक आधार मिळतो तो मालक स्वतःवर घालून घेत असलेल्या दोन बंधनांमुळे: घराची झीज आणि त्याचा धोका स्वतःच्या अंगावर घेणे हे एक, आणि जी वस्तू आपली आहे तिच्यापासून ठरलेल्या मुदतीपर्यंत दूर राहणे हे दुसरे.

मालकीविषयीची साशंकता भारतीय दर्शनांत खोलवर रुजलेली आहे. योगसूत्रांत अपरिग्रह, म्हणजे वस्तूंचा संग्रह न करणे, हा पाच यमांपैकी एक आहे, आणि व्यासभाष्याने संग्रहाचे पाच दोष सांगितले आहेत: वस्तू मिळवण्यातला, ती राखण्यातला, तिच्या नाशातला, तिच्यात मन गुंतण्यातला आणि तिच्यापायी घडणाऱ्या हिंसेतला. ज्याने एखादे घर केवळ भाड्याने देण्यासाठी घेतले आहे, त्याच्या व्यवहारात हे पाचही दोष एकामागून एक प्रकट होतात, कारण कर्जाचे हप्ते फेडताना पहिला, रिकाम्या घराची राखण करताना दुसरा, पावसाळ्यात गच्ची गळू लागल्यावर तिसरा, भाडेकरूने भिंतीला खिळा ठोकला म्हणून जीव तुटतो तेव्हा चौथा आणि भाडे थकलेल्या कुटुंबाचे सामान बाहेर काढण्याची वेळ येते तेव्हा पाचवा दोष त्याच्यासमोर उभा राहतो. भागवताच्या अकराव्या स्कंधातील अवधूत यदुराजाला आपले गुरू सांगताना सापाचाही उल्लेख करतो, कारण साप घर बांधण्याच्या खटाटोपात पडत नाही, दुसऱ्याने केलेल्या जागेत सुखाने राहतो. याच स्कंधावर एकनाथांनी लिहिलेला आणि १५७३ मध्ये काशीत पूर्ण झालेला मराठी ग्रंथ पारायणांतून घरोघरी पोचल्यामुळे हा दृष्टांत महाराष्ट्राला चांगलाच परिचित आहे. परंतु त्या दृष्टांताचा एक अर्थ सहसा मांडला जात नाही, आणि तो असा की सापाच्या निश्चिंतपणासाठी कोणीतरी आधी बीळ खणलेले असावे लागते. घर न बांधणाऱ्या विरक्ताला घर बांधणारा गृहस्थ लागतोच, आणि म्हणून घराच्या मालकीचा सरसकट निषेध करणारा वैराग्यविचार स्वतःच्याच आधारावर कुऱ्हाड चालवतो.

या परस्परावलंबनाची सर्वांत सूक्ष्म जाण जैन आचारशास्त्रात आढळते. साधू-साध्वींना राहण्यासाठी जागा देणाऱ्या गृहस्थाला तेथे ‘शय्यातर’ अशी संज्ञा आहे, आणि ज्याच्या घरी मुक्काम असेल त्याच्याकडून भिक्षा घ्यायची नाही, असा साधूंसाठी नियम आहे. अन्न कोणाकडूनही मागता येते, पण जागा देणाऱ्यावर अन्नाचाही भार पडू लागला तर जागा देण्यास कोणी धजावणार नाही, ही या नियमामागची एक व्यवहारी दृष्टी आहे. तिच्या पोटात मात्र तत्त्वविचारही आहे, कारण आसरा देणे हे इतर दानांसारखे क्षणात संपणारे दान नसते, ते मुक्काम हलेपर्यंत रोज चालू राहणारे कर्म असते आणि देणाऱ्याच्या जीवनात रोज काही ना काही उणे करत असते, हे त्या नियमाने ओळखलेले आहे. गृहस्थासाठी जैन विचाराने मालकी वर्ज्य केलेली नाही, तर तिचे प्रमाण ठरवून घेण्यास सांगितले आहे. तत्त्वार्थसूत्रात ज्या वस्तूंची मर्यादा ओलांडणे हा व्रतभंगाकडे नेणारा दोष मानला आहे, त्यांत क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे शेत आणि घर, यांचा उल्लेख सर्वांत आधी येतो, आणि परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवर न करता मूर्च्छेवर, म्हणजे वस्तूविषयीच्या आसक्तीने येणाऱ्या बेभानपणावर केली आहे. या व्याख्येप्रमाणे दोन घरांचा मालक अपरिग्रही असू शकतो आणि एका खोलीचा मालक परिग्रहात बुडालेला असू शकतो.

मालकी निषिद्ध नाही एवढ्याने भाडे समर्थनीय ठरत नाही, आणि येथे युरोपीय अर्थविचाराने घेतलेला आक्षेप गंभीरपणे विचारात घ्यावा लागतो. जॉन लॉकने श्रमाला मालकीचा उगम मानले होते, पण डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये दाखवून दिले की जमिनीचा खंड जमीनदाराच्या श्रमातून येत नाही, तो चांगली जमीन मर्यादित असल्यामुळे येतो. आणि १८४० मध्ये प्रूदाँने तर मालमत्तेची गणना चोरीतच केली. हेन्री जॉर्जने १८७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ या ग्रंथात या वादाला एक उपयुक्त वळण दिले. त्याच्या मते जमिनीचे मूल्य आणि जमिनीवर उभ्या केलेल्या इमारतीचे मूल्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत: इमारत ही श्रमातून आणि भांडवलातून निर्माण होते, तर जागेचे मूल्य आसपासच्या समाजाच्या वाढीतून निर्माण होते. घरभाड्यात हे दोन्ही घटक एकत्र मिसळलेले असतात. त्यांपैकी जागेच्या मूल्याचा विचार शेवटी करणे सोयीचे होईल. इमारतीपुरता विचार केला तर भाड्याचे समर्थन कोठे शोधायचे, याचे उत्तर इस्लामी धर्मशास्त्राने विलक्षण नेमकेपणाने दिलेले आहे.

इस्लामी धर्मशास्त्रात रिबा, म्हणजे कर्जाऊ दिलेल्या पैशावरील व्याज, निषिद्ध आहे आणि इजारा, म्हणजे वस्तूच्या उपयोगाची ठरावीक काळापुरती विक्री, मान्य आहे. वरवर पाहता दोन्ही व्यवहार सारखेच भासतात, कारण दोहोंत एकाने आपली वस्तू दुसऱ्याकडे ठेवून कालमानाने मोबदला घेतलेला असतो. त्यांतला भेद जबाबदारीत आहे. कर्ज देणारा मुद्दल बुडण्याचा धोका ऋणकोवर टाकून मोकळा होतो. घर देणाऱ्याला तसे करता येत नाही, कारण घर त्याचेच राहते, भाडेकरूच्या दोषावाचून ते पडले तर नुकसान मालकाचे होते, राहण्याजोगे न उरल्यास त्या काळाचे भाडे मागता येत नाही, आणि घर टिकवण्यासाठी लागणाऱ्या मोठ्या दुरुस्त्यांचा खर्चही त्यालाच सोसावा लागतो. लाभ हवा असेल तर हानीही पत्करली पाहिजे, हे या शास्त्राचे मूलतत्त्व आहे. त्याच परंपरेत मक्केतील घरे भाड्याने द्यावीत की नाहीत यावर मोठा मतभेद होता: हनफी पंथाचे प्रवर्तक अबू हनीफा यांनी, विशेषतः हजच्या काळात, असे भाडे घेणे गैर मानले, कारण त्या नगरीवर तेथील रहिवासी आणि बाहेरून येणारा यात्रेकरू यांचा सारखाच हक्क असल्याचा आधार कुराणात आहे, तर शाफई पंथाने ते मान्य केले. पंढरपुरात वारीच्या दिवसांत एकीकडे मठांतून आणि फडांतून वारकऱ्यांची विनामूल्य सोय होत असताना दुसरीकडे खोल्यांचे भाडेही आकारले जाते, तेव्हा हाच प्रश्न मराठी भूमीवर उभा असतो. यात्रेच्या गर्दीमुळे वाढलेल्या दरात मालकाची कोणती वाढीव जबाबदारी असते, याचे उत्तर देता येत नसेल तर ती वाढ धर्म्य म्हणता येणार नाही.

जबाबदारी हे भाड्याचे पहिले अधिष्ठान मानले, तर दुसऱ्या अधिष्ठानाकडे वळण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारावा लागतो: भाडेकरूला मालक नेमके काय देतो? भिंती, दारे, नळ आणि वीज हे उत्तर अपुरे आहे, कारण तेवढे तर लॉजच्या खोलीतही मिळते. भाडेकरू ज्यासाठी भाडे देतो त्यात एका निश्चितीचा समावेश असतो, आणि ती अशी की ज्याची वास्तू आहे तो मनात येईल तेव्हा दार उघडून आत येणार नाही, स्वयंपाकघरात काय शिजते ते पाहणार नाही, पाहुणे किती दिवस राहिले याची चौकशी करणार नाही. मालकाने स्वतःला आपल्याच घराबाहेर ठेवणे, हा या व्यवहाराचा गाभा आहे. ईशोपनिषदाच्या पहिल्या मंत्रात सारे जग ईश्वराने व्यापलेले असल्याचे सांगून त्यागपूर्वक उपभोग घेण्याचा आणि दुसऱ्याच्या धनाचा लोभ न धरण्याचा उपदेश आहे. त्यावर मराठीत ‘ईशावास्यवृत्ति’ लिहिणाऱ्या विनोबांनी आणि विश्वस्तवृत्तीचा, म्हणजे संपत्तीचा मालक न राहता तिचा राखणदार होण्याचा, विचार मांडणाऱ्या गांधींनी तो मंत्र जीवनाचा आधार मानला. त्याग आणि भोग एकाच कृतीत कसे नांदतील, ही त्या मंत्राची अवघड बाजू भाष्यकारांनी निरनिराळ्या रीतीने सोडवली आहे. घरमालकाच्या बाबतीत ते दोन्ही एकत्र नांदणे अगदी शब्दशः घडते, कारण घराचा वापर सोडल्यावाचून त्याला घराचा लाभच मिळत नाही.

मात्र वापर सोडला म्हणजे सत्ता सुटली असे होत नाही, आणि भाड्याच्या व्यवहारातील बहुतेक अन्याय याच फटीतून शिरतात. खोलीची दुसरी किल्ली स्वतःजवळ ठेवून भाडेकरूच्या गैरहजेरीत आत डोकावणारा, वाद झाल्यावर पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करणारा किंवा घर सोडताना अनामत रकमेतून रंगकामाच्या नावाखाली मनाला येईल तेवढी कपात करणारा मालक वापराचा त्याग करून बसलेला असतो, पण सत्ता त्याने सोडलेली नसते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झालेला कायदा या दृष्टीने वाचण्याजोगा आहे, कारण त्याच्या अनेक तरतुदी म्हणजे मालकाने स्वतःहून पाळायच्या संयमाचीच सक्ती आहे. घराची पाहणी करायची तर आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी करावी, पुरेशा कारणावाचून पाणी, वीज, जिन्यातला दिवा यांसारख्या अत्यावश्यक सोयी तोडू नयेत, भाड्याची पावती द्यावी, घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवावे, असे त्यात सांगितले आहे. कायदा एवढ्यावर थांबतो. भाडेकरूच्या घरातून येणाऱ्या भांडणाच्या आवाजाची बिल्डिंगभर चर्चा करू नये, हे कोणताही कायदा सांगू शकणार नाही. तेथून पुढे धर्माचे क्षेत्र सुरू होते.

मालकी आणि निवास यांच्यातील सीमारेषा धार्मिक आचारांनीही फार पूर्वी ओळखली होती. ज्यू धर्मशास्त्रात दाराच्या चौकटीला लावायच्या मेझूझाचे, म्हणजे धर्मवचने लिहिलेल्या चर्मपत्राचे, कर्तव्य घरमालकावर नसून राहणाऱ्यावर आहे, आणि यहुदी भाडेकरू घर सोडताना ते सामान्यतः काढून नेत नाही. कोकणातील बेने इस्राएल कुटुंबांच्या चौकटींवर दिसणारा मेझूझा हा त्याच आचाराचा भाग आहे. हिंदू घरांत वास्तुशांत बहुधा घर बांधणारा करतो, पण देवघर मांडतो, उंबऱ्याशी रांगोळी काढतो आणि खिडकीत तुळस ठेवतो तो राहणारा. घराचे पावित्र्य मालमत्तेच्या कागदाला चिकटलेले नसते, ते नांदत्या माणसांमुळे येते, ही समजूत दोन्ही परंपरांत आहे. आणि ती मान्य केली तर भाडेकरूच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवताना मालक हा पाहुणा ठरतो.

लाभाबरोबर जबाबदारी हे तत्त्व मोडले की काय होते, याचे मुंबईइतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे. भाड्यावर नियंत्रण आणणारा मुंबईचा पहिला कायदा पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये झाला आणि १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हे ‘प्रमाण भाडे’ ठरवून तेथेच गोठवले. युद्धकाळातील टंचाईचा फायदा घेऊन गिरणी कामगारांना आणि कारकुनांना लुबाडले जाऊ नये, हा त्यामागचा हेतू निःसंशय न्याय्य होता आणि गिरगाव, लालबाग, परळ येथील लक्षावधी कुटुंबे त्याच्याच आधारावर शहरात टिकून राहिली. पण वस्तूंचे भाव पिढ्यान्‌पिढ्या चढत राहिले आणि भाडे जागचे हलले नाही, तेव्हा मालकाने दुरुस्ती सोडून दिली. लाभ नाही म्हणून जबाबदारी नाही, असा त्याचा हिशेब होता, आणि पुढे जबाबदारी सोडल्यामुळे त्याचा भाड्यावरचा नैतिक हक्कही उरला नाही. चाळींच्या लाकडी जिन्यांना टेकू लागले, पावसाळ्यात इमारती कोसळून माणसे मेली, आणि १९६९ च्या कायद्याने शासनाला दुरुस्ती मंडळ स्थापून उपकराच्या, म्हणजे जादा कराच्या, पैशातून डागडुजी हाती घ्यावी लागली. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात असे मत दिले की गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. त्यानंतरच्या १९९९ च्या कायद्याने दर वर्षी ४ टक्के वाढीची मुभा दिली.

या इतिहासाकडे मालक विरुद्ध भाडेकरू अशा लढाईच्या रूपात पाहण्याची सवय दोन्ही बाजूंना जडलेली आहे, आणि ती सत्याला धरून नाही. चाळीच्या मालकांत धनाढ्य व्यापारी होते तसेच पतीच्या मागे उरलेल्या चार खोल्यांच्या भाड्यावर घर चालवणाऱ्या विधवाही होत्या, आणि भाडेकरूंत एका खोलीत आठ माणसे राहणारी कुटुंबे होती तशीच नाममात्र भाड्यात प्रशस्त जागा अडवून स्वतःचे दुसरे घर बंद ठेवणारी सधन मंडळीही होती. ज्या भाड्यातून जिन्याची एक पायरीसुद्धा बदलता येत नाही, ते भाडे देऊन हक्काने राहणाऱ्या सधन भाडेकरूलाही लाभ आणि जबाबदारी यांचे तत्त्व तितक्याच काटेकोरपणे लागू होते.

घर कोणाला द्यावे हा प्रश्न वरवर पाहता मालकाच्या मर्जीचा वाटतो, आणि त्या मर्जीनेच या देशात सर्वांत खोल जखमा केल्या आहेत. कोलंबिया विद्यापीठात उच्च शिक्षण घेऊन १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्या शहरात राहायला घर मिळाले नाही. पारशी नाव धारण करून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले, तेथून त्यांना काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले, ओळखीच्या स्नेह्यांनीही आसरा देण्यास असमर्थता दाखवली, आणि गाडीची वेळ होईपर्यंतचा वेळ त्यांना सार्वजनिक बागेत काढावा लागला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हा प्रसंग नोंदवला आहे. आजही मुंबई-पुण्यात आडनाव विचारून, धर्म विचारून, एकट्या स्त्रीला ‘फॅमिलीलाच देतो’ असे सांगून दार बंद केले जाते, आणि संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी आणि रस्ते यांच्या वापरातील भेदभावाला मनाई असली तरी राहत्या घरांचा उल्लेख तेथे नाही. आहारावरून होणारा नकार मात्र वेगळा विचारात घ्यावा लागतो, कारण शाकाहारी मालकाची अहिंसेवरील निष्ठा प्रामाणिक असू शकते, आणि आपल्या मालकीच्या भिंतींत मांस शिजणे म्हणजे त्या हिंसेत आपण सहभागी होणे, असे त्याला खरोखर वाटत असते. याच जातीचा प्रश्न हनफी विधिज्ञांपुढे आला होता: ज्या घरात भाडेकरू मद्य विकणार आहे किंवा अन्य धर्माचे उपासनास्थान करणार आहे, ते घर दिल्यास मुस्लिम मालकाला पाप लागेल का? अबू हनीफा यांचे उत्तर असे की मालकाने घराचा उपयोग विकला आहे, त्या उपयोगाचे पुढे काय करायचे हे भाडेकरूच्या स्वतंत्र इच्छेवर आहे, आणि त्या इच्छेमुळे मालकाच्या कृतीशी असलेला धागा तुटतो. त्यांच्या दोघा प्रमुख शिष्यांना हे पटले नाही. मालकाने स्वतःला घराबाहेर ठेवणे हा भाड्याचा गाभा मानला, तर अबू हनीफा यांचीच बाजू ग्राह्य धरावी लागते. एकाच वाड्यात, एकाच ओसरीवर, भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या मालकाची अडचण समजून घेता येते. पण दुसऱ्या उपनगरातल्या स्वतंत्र फ्लॅटमधील चुलीवर नियंत्रण ठेवू पाहणाऱ्या मालकाला भाडेही हवे असते आणि भाड्याच्या बदल्यात जे द्यायचे ते द्यायचेही नसते.

घर खाली करून घेण्याचा प्रसंग हा या सर्व विचाराची खरी कसोटी आहे, आणि प्राचीन धर्मशास्त्रकारांनी त्याकडे आश्चर्य वाटावे इतक्या तपशिलाने पाहिले आहे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात, ‘जागा सोड’ असे सांगूनही राहणाऱ्या भाडेकरूला बारा पण दंड सांगितला आहे आणि भाडे देणाऱ्याला हाकलणाऱ्या मालकालाही तेवढाच दंड सांगितला आहे. मारहाण किंवा शिवीगाळ, चोरी, साहस म्हणजे बळजबरीने केलेला गुन्हा, परस्त्रीसंग आणि जागेचा खोटा उपभोग हे त्याला अपवाद आहेत. जो भाडेकरू आपण होऊन जाईल त्याने वर्षाचे उरलेले भाडे द्यावे, असेही तेथे आहे. दोघांना सारखाच दंड ठेवण्यात कौटिल्याने मालकीला झुकते माप दिलेले नाही, ही बाब महत्त्वाची आहे. नारदस्मृती याहून एक पाऊल पुढे जाते, आणि भाडे देऊन परक्याच्या जमिनीवर घर बांधणाऱ्याला, जागा सोडताना आपले गवत, लाकूड आणि विटा घेऊन जाण्याचा हक्क देते. ज्यू परंपरेतील मिश्नाच्या ‘बाबा मेत्सिया’ या भागात ऋतूचा विचार केलेला आहे: पावसाळी हिवाळ्यासाठी दिलेले घर सुक्कोतच्या सणापासून वल्हांडणापर्यंत खाली करून घेता येत नाही, उन्हाळ्यात तीस दिवसांची सूचना द्यावी लागते, आणि मोठ्या शहरांत घरे मिळणे कठीण असल्याने ती मुदत बारा महिन्यांची आहे. सूचनेची मुदत नव्या घराच्या शोधाला लागणाऱ्या काळावरून ठरावी, ही कल्पना त्या मिश्नाकारांना सुमारे अठराशे वर्षांपूर्वी सुचली होती. महाराष्ट्राच्या विद्यमान कायद्यात मालकाला स्वतःच्या खऱ्या गरजेसाठी जागा हवी असेल तर न्यायालयाने दोघांची अडचण तोलून पाहावी, आणि ताबा देण्याचा हुकूम केल्याने अधिक हाल कोणाचे होतील हे ठरवावे, अशी तरतूद आहे. गोव्यात भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने बेदखलीपासून संरक्षण दिले आणि घराखालची जमीन विकत घेण्याचा हक्कही दिला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवासातून राहणाऱ्याचा हक्क कसा वाढत जातो, याची ती कायदेशीर कबुलीच होय.

त्यामानाने आज शहरांत रूढ झालेला अकरा महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार हा या सर्व विचारापासून दूर सरकलेला आहे. लायसन्स म्हणजे केवळ परवानगी, ज्यात राहणाऱ्याचा जागेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही, आणि जुन्या भाडेकरूंकडून जागा परत न मिळाल्याच्या अनुभवातून मालकांनी या वाटेचा आश्रय घेतला, हे समजण्यासारखे आहे. परंतु दर अकरा महिन्यांनी मुलांची शाळा, वृद्धांचा डॉक्टर आणि शेजार बदलण्याची धास्ती ज्या कुटुंबाच्या मानगुटीवर असते, त्याला मालकाने निवारा दिला तरी निश्चिती दिलेली नसते. कराराची मुदत संपल्यावर वाजवी वाढीने नूतनीकरण करणे कायद्याने बंधनकारक नाही. पण मालकाची स्वतःची काही गरज नसताना केवळ हजार-दोन हजार जास्त देणारा कोणी भेटला म्हणून चांगल्या भाडेकरूला उठवणे, हे योगभाष्यात सांगितलेल्या पाचव्या दोषातच मोडते.

आता जागेच्या मूल्याचा राहिलेला प्रश्न घ्यावा लागतो, आणि जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात तो आज मुंबईभर उघडपणे उभा आहे. गिरगावातील किंवा परळमधील जुन्या चाळीखालच्या जमिनीला जे मोल आले आहे, ते मालकाच्या दुरुस्तीतून आलेले नाही आणि भाडेकरूच्या भाड्यातूनही आलेले नाही. ते रेल्वेतून, नळाच्या पाण्यातून, शाळांतून, दवाखान्यांतून आणि एका सबंध शहराच्या श्रमातून आले आहे. म्हाडा, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, कायद्यात १९८६ मध्ये घातलेल्या प्रकरण आठ-अ मध्ये असे होते की ७० टक्के रहिवाशांनी मागणी केल्यास उपकरप्राप्त इमारत मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला देऊन संपादित करता येईल, आणि त्याला मालकांच्या संघटनेने दिलेल्या आव्हानातून, सर्व खाजगी मालमत्ता संविधानाच्या कलम ३९(ख) मध्ये उल्लेखिलेली ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ मानता येईल का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांपुढे गेला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने असा निर्णय झाला की प्रत्येक खाजगी मालमत्ता त्या संज्ञेत येत नाही, काही प्रकारची येऊ शकते, आणि ते ठरवताना त्या साधनाचे स्वरूप, त्याची दुर्मिळता आणि समाजाच्या हितावर होणारा परिणाम पाहावा लागेल. घटनेच्या दृष्टीने हा निर्णय मालकीचे रक्षण करतो, आणि ते रक्षण योग्यच आहे, कारण शासनाच्या हाती सरसकट दिलेली सत्ता मालकाच्या सत्तेहून सौम्य असेलच असे नाही. पण न्यायालयाने मालकाच्या हक्काची सीमा सांगितली आहे. त्या हक्काचा उपभोग किती घ्यावा, हा प्रश्न त्याच्या विवेकाकडेच उरतो. पागडीच्या पद्धतीत, म्हणजे भाडेहक्क मिळवण्यासाठी एकरकमी मोल देण्याच्या रूढीत, रहिवाशाने आधीच मोठी रक्कम मोजलेली असते, हक्काच्या हस्तांतरणात मालक रिवाजाने ठरलेला हिस्साही घेत असतो, आणि पुनर्विकासाच्या नियमांनी उपकरप्राप्त इमारतीतील निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे घर दिलेच पाहिजे, असे बंधन घातले आहे. त्यापुढच्या वाढीव मूल्याची वाटणी विकासकाच्या कार्यालयात होते, आणि तेथे मालमत्ता पत्रकावर नाव कोणाचे एवढाच प्रश्न विचारला जातो. त्या इमारतीचा जिना, गच्ची आणि मलवाहिनी गेल्या पन्नास वर्षांत कोणी कोणाच्या पैशाने दुरुस्त केली आणि भाडे गोठलेले असतानाही ज्या मालकाने पदरमोड करून छप्पर राखले त्याचे देणे किती, हा हिशेब त्याच टेबलावर आधी मांडला गेला पाहिजे.